मयताचे मेंबर

अमेरिकेतल्या आमच्या बॉथेलमध्ये कुणी कुणाकडे न कळवता जात नाही. शेजारणीकडून मूठभर कढीपत्ता हवा असेल तरी आधी मेसेज टाकायचा, मग ती "शुअर, ये ना" म्हणणार, मग आपण चपला घालायच्या. त्यामुळे माझ्या सासूबाई नागपूरला वारल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली, तेव्हा मला वाटलं पार्सल आलं. दार उघडलं तर समोर एक म्हातारे गृहस्थ. पांढरा नेहरूशर्ट, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, अंगात मुलाचं मापाला मोठं होणारं निळं जाकीट. "शेजारच्या संदीपचा बाप," एवढं बोलून त्यांनी बूट काढले, आत आले आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसले.

निखिल, माझा नवरा, आदल्या रात्रीच नागपूरला निघालेला. पोरगी शाळेत. घरात मी एकटी, लॅपटॉपवर मीटिंग सुरू व्हायच्या बेतात, आणि हे आपले बसलेत. बोलत नाहीत, हलत नाहीत. चहा विचारला तर हातानेच नको म्हणाले. मी नागपूरची. पाहुण्याने चहा नको म्हटलं की मला अपमान झाल्यासारखं वाटते, बाप्पा. बऱ्याच वेळाने त्यांनी तीन प्रश्न विचारले. वय काय होतं? फार दिवस अंथरुणाला होत्या का? आणि शेवटपर्यंत जेवत होत्या का? मी सांगितलं, आदल्याच दिवशी हट्टाने वडाभात मागून खाल्ला. "मग बरं हाय," म्हणाले, उठले, बूट घातले आणि मागे न बघता चालायला लागले. येतो नाही, जातो नाही. माझी मीटिंग बुडाली होती आणि मला त्यांचा मनापासून राग आला होता. दार लावलं आणि सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं.

दुःखाच्या घरी चहा घेत नाहीत, आणि निघताना "येतो" म्हणत नाहीत, कारण असल्या कामाला पुन्हा यायची वेळ येऊ नये. हे मला त्यांनीच पुढे समजावून सांगितलं. जरा वैतागूनच. नागपुराकडं काही शिकवत्यात का न्हाई तुम्हाला, असं म्हणाले.

त्यांचं नाव हणमंतराव. संदीप त्यांना अण्णा म्हणायचा, आम्ही सुभेदार काका म्हणायचो, आणि त्यांच्या गावाकडचा फोन आला की पलीकडचा माणूस "मेंबर" म्हणायचा. साताऱ्याकडचं त्यांचं गाव, जिथे घरटी एक तरी माणूस फौजेत. मिसरूड फुटायच्या आत भरती झाले, एकाहत्तरची लढाई पाहिली, सुभेदार होऊन परत आले, मग आल्याची शेती केली, सरपंच झाले आणि शेवटी जिल्हा परिषदेचे मेंबर. काकू वारल्या तेव्हा संदीपचाही घटस्फोट होऊन गेला होता. एकुलता एक मुलगा, चार बेडरूमच्या घरात एकटा. त्याने वडिलांना ग्रीन कार्ड काढून आणलं. दोघांनी मिळून एका घरात गप्प राहायचं, अशी ती व्यवस्था होती.

संदीप सॉफ्टवेअरमध्ये, रेडमंडला जायचा. माणूस सज्जन, पण तोंडातून शब्द काढायला त्याला जिवावर यायचं. काका तसे नव्हते. त्यांना माणूस लागायचा. बाहेर पडले की दिसेल त्याला हात करायचे. कुत्रं फिरवणारी पोर असो की डिलिव्हरीचा ड्रायव्हर, "गुड मॉर्निंग साब" ठरलेलं. मागच्या अंगणात त्यांनी आलं लावून पाहिलं, ते कुजलं. इथल्या पावसाला त्यांनी कधी पाऊस म्हटलं नाही. "कुणीतरी वरनं थुकतंय नुसतं," म्हणायचे. माती मात्र चांगली आहे, फुकट गवताखाली घालवली, हे त्यांचं मत ते मला दर आठवड्याला ऐकवायचे. मग घराच्या दर्शनी भागात गवत उपटून मेथी पेरली. पुढे गवतच हवं, असा सोसायटीकडून ईमेल आला. संदीपने तो वाचून दाखवल्यावर त्यांनी विचारलं की अध्यक्ष कोण, कुठल्या गटाचा, आणि त्याच्या घरात हल्ली कुणी गेलंय का.

हा शेवटचा प्रश्न गंमत नव्हती. तेच त्यांचं राजकारण होतं. त्यांच्या भागात माणूस गेला की तिसऱ्या दिवशी नदीकाठी राख सावडायला सगळा गोतावळा जमतो, आणि राख भरून झाली की पुढारी उठून श्रद्धांजलीचं बोलतात. कुणी लांबण लावतो, कुणी त्यातच पुढच्या निवडणुकीचं पेरून घेतो. हणमंतराव मेंबर एकही सावडणं चुकवत नसत. विरोधी गटाच्या घरचं असलं तरी जायचे, गर्दीत मागे बसायचे, बोलावलं तरच उठायचे आणि दोन मिनिटांत संपवायचे. विरोधकांनी त्यांना नाव ठेवलं होतं, मयताचे मेंबर. ते त्यांनी मला स्वतः सांगितलं, अगदी छाती फुगवून. रस्ता सगळेच करत्यात, ताई, म्हणायचे. रस्ता पावसात वाहून जातो, पर मयताला आलेला माणूस लोक विसरत न्हाईत.

बोलायचंही त्यांचं एक शास्त्र होतं. खोटं बोलायचं नाही आणि सगळं खरंही बोलायचं नाही. गेलेल्या माणसाची एक लहानशी चांगली गोष्ट शोधायची, तेवढीच सांगायची आणि बसायचं. एकदा गावातला असा एक माणूस गेला, ज्याने भाऊबंदांना कोर्टात खेचलं, बायकोला आयुष्यभर छळलं, सुनेला घराबाहेर काढलं. सगळे पुढारी अडचणीत. कुणी म्हणालं स्पष्टवक्ते होते, कुणी म्हणालं करारी होते, आणि लोक पदराआड हसायला लागले. काका उठले आणि म्हणाले, ह्यांच्या दावणीचा बैल कधी कुणी उपाशी बघितला नाही. झालं, बसले. त्याची बायको तेव्हा रडली, असं काका सांगायचे.

इथे आल्यावरही त्यांचं काम सुरूच होतं. आपली संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ. जेवण लवकर उरकून ते ट्रेलवर फिरायला निघायचे आणि चालता चालता फोन लावायचे. सायकलवाले, पळणारे, सगळे वळून बघायचे, कारण काका फोनवर असं बोलत जसं मधे नुसता एक ओढा आहे. वय काय होतं? पडून हुते का? जेवत हुते का? मी एकदा विचारलं की हे जेवणाचं काय आहे तुमचं, काका, प्रत्येक ठिकाणी. तेव्हा त्यांनी मला लढाईतली एकुलती एक गोष्ट सांगितली.

लढाईवर त्यांना बोलतं करायचा इथल्या आमच्या मराठी मंडळाने एकदा प्रयत्न केला होता. सव्वीस जानेवारीला हॉलमध्ये पोरं गोळा केली, काकांना मेडल लावून समोर उभं केलं. पोरांना वाटलं आता रणगाडे आणि बॉम्ब. काकांनी खड्डा कसा खणायचा ते सांगितलं, पाण्यात पाय राहून बोटं कशी पांढरी पडतात ते सांगितलं. लढाई म्हणजे बसून राहणं, म्हणाले, लई दिवस बसायचं आणि थोडा वेळ पळायचं. आमची पोरगी घरी येताना म्हणाली, "आई, दॅट वॉज सो बोरिंग." मी तिला दटावलं, पण तिचं काही खोटं नव्हतं.

ती गोष्ट वेगळी होती. त्या खड्ड्यात त्यांच्याबरोबर शेजारच्या गावचा एक दोस्त होता. तो तिथेच गेला. लढाई संपून सुट्टी मिळाल्यावर काका घरी जायच्या आधी दोस्ताच्या घरी गेले. काय बोलायचं ते सगळ्या प्रवासात घोकत आले होते. शूर होता, देशासाठी गेला, वगैरे. ओसरीवर बसले आणि काहीच बोलता येईना. दोस्ताची आई समोर येऊन बसली. तिने एकच विचारलं, जेवला होता का रे? काकांना आठवेना. त्या दिवशी रसद पोचलीच नव्हती बहुतेक. ते म्हणाले, पोटभर जेवला होता, मावशी. मग ती उठली आणि चुलीकडे गेली. पुढे बऱ्याच वर्षांनी काका पहिल्यांदा निवडणुकीला उभे राहिले तेव्हा त्या गावाने सगळी मतं त्यांना दिली. त्यांनी प्रचाराला तिथे पाऊलही टाकलं नव्हतं. मला ह्याचा अभिमान वाटायला पाहिजे हुता, म्हणाले, पर मी खोटं बोललो हुतो ना.

आता त्यांची अमेरिकेतली फजिती सांगते. समोरच्या घरात एक गोरे आजोबा राहायचे. तेही जुने फौजी. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण रोज सकाळी रस्त्याच्या दोन बाजूंनी सॅल्यूट व्हायचा. ते आजोबा गेले, आणि पुढच्या शनिवारी त्यांच्या मुलीने घरातलं सगळं सामान विकायला काढलं. इकडे तशी पद्धत आहे, दार उघडं टाकायचं, प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी, लोक येतात, कपबश्या नेतात, सोफे नेतात. काकांनी पाहिलं की दारात गाड्यांची रांग लागली आहे, माणसं आत जाताहेत. त्यांनी टोपी सारखी केली आणि गेले. आतल्या एका आरामखुर्चीत बसले. सकाळपासून दुपारपर्यंत. लोक त्यांच्या आजूबाजूने दिवे आणि गालिचे घेऊन जात राहिले. मुलीला वाटलं, ह्यांना ती खुर्ची हवी आहे आणि भाव पाडायची ही काही तरी पूर्वेकडची रीत असणार. तिने किंमत निम्मी केली. मग फुकट घेऊन जा म्हणाली. काका हलेनात. शेवटी तिने मला हाक मारली.

मी लाजेने अर्धी झाले होते. तिला कसंबसं समजावलं की हे खरेदीला नाही आले, तुझ्या वडिलांसाठी बसायला आलेत. तिने विचारलं की मग मी काय करायचं असतं. मी म्हटलं, काही नाही. ती विकायला काढलेल्या सोफ्यावर काकांच्या समोर येऊन बसली. थोड्या वेळाने काकांनी माझ्यामार्फत विचारलं, शेवटी जेवत होते का? ती म्हणाली, पॅनकेक, रोज सकाळी, स्वतः करून. काकांनी मान हलवली, उठले आणि न बोलता निघाले. ती दारात उभी राहून बघत होती. त्या दिवशी दुपारनंतर तिने काही विकलं नाही, बोर्ड काढून टाकला.

ह्या माणसाला आयुष्यात स्वतःसाठी काय हवं होतं, ते एकच. आपलं मयत. ऐकायला कसंतरी वाटते, पण ते अगदी मोकळेपणाने बोलायचे त्यावर, जसं आपण पोरीच्या लग्नाचं बोलू. काकूंच्या वेळी अख्खा तालुका लोटला होता. नदीच्या दोन्ही काठांवर माणसं. ते पाहून त्यांना कळलं होतं की आपण जन्मभर जे पेरलं ते उगवलेलं आहे. पेन्शन तर सरकार देतंच, म्हणायचे, पर माझी खरी पेन्शन ती. कुठल्या वळणावर जाळायचं, काकूंच्या जागेपासून किती लांब, पहिलं कोण बोलणार, कुणाला बोलायला देऊच नका, सगळं ठरलेलं. संदीप त्या वेळी तिसऱ्या दिवशी पोचला होता. लोक अण्णांना भेटत होते आणि हा मुलगा बाजूला उभा, कुणाच्या ओळखीचा नाही. ते काकांनी पाहिलं होतं की नाही, मला माहीत नाही.

इथे त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. एक स्टेंट बसला, तरी हृदयात फारसा जोर उरलेला नाही असं डॉक्टर म्हणाले. प्रवास करायचा असेल तर आत्ताच, पुढच्या वर्षी आम्ही परवानगी देणार नाही. काकांनी ते इंग्रजी भाषांतराशिवाय समजून घेतलं. दिवाळीच्या आधीचं तिकीट काढलं, एकाच बाजूचं. संदीप नाही म्हणाला नाही. तो कधीच कशाला नाही म्हणत नसे. काकांनी गावी फोन करून घर सारवून घ्यायला सांगितलं आणि इतके खुशीत आले की ट्रेलवर अनोळखी बाईला थांबवून म्हणाले, आय गो होम.

निघायच्या आठवड्यात मी त्यांना जेवायला बोलावलं. निखिल आणि मी, काका, बस्स. संदीप कामात होता. गप्पा चालल्या होत्या आणि मी सहज कौतुक केलं. म्हटलं, काका, तुमचा मुलगा सुधारला बरं का. आमची शिडी दोन वर्षं त्याच्या गॅरेजमध्ये पडली होती, ड्रिल मशीन होतं, माझा मोठा कुकर होता, सगळं परवा स्वतः आणून दिलं, पुसून, चकचकीत करून. आणि त्याची ती महागाची सायकल निखिलला देऊन टाकली, मला नको आता म्हणाला.

काकांचा घास हातातच राहिला. आणखी काय दिलं, असं विचारलं. निखिल म्हणाला, मंडळाचे स्पीकर्स परत केले, टेबलं परत केली. काकांनी ताटाला नमस्कार केला आणि उठले. हात धुवून आले, उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांच्या गावात एक पोरगा होता. भरतीच्या मैदानात तीनदा नापास झाला. एका सकाळी तो गावभर फिरून ज्याची त्याची उसनी वस्तू परत करून आला. कुणाचं फावडं, कुणाचा पंप, कुणाची बॅटरी. लोक म्हणाले, पोरगं शहाणं झालं. मेंबरच्या घरीही आला होता, दोरखंड परत द्यायला. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. दुसऱ्या दिवशी त्याच्या मयताला ते सगळ्यांत पुढे होते, आणि तिसऱ्या दिवशी बोललेही.

"ताई, मी जन्मभर नंतर गेलो," ते म्हणाले. "ह्या टायमाला आधी जातो."

पुढचं मला संदीपनेच सांगितलं, खूप दिवसांनी, एकेक वाक्य करत. तो घरी आला तेव्हा अण्णा त्याच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी लांबण लावली नाही. मरायचं मनात हाय का, असं सरळ विचारलं. संदीप म्हणाला, त्याला आयुष्यात कुणी इतका साधा प्रश्न विचारला नव्हता. बायको सोडून गेली तेव्हा सगळ्यांनी, अगदी आम्हीसुद्धा, ऑल गुड ना, असंच विचारलं होतं. त्याने बॅग खाली ठेवली आणि हो म्हणाला. अण्णा म्हणाले, बरं, मग मी जात न्हाई. आणि बसून राहिले.

सकाळी ते आमच्याकडे आले. ह्याला तुमच्यात डॉक्टर असतो म्हणं, तो काढा. निखिलने त्याच दिवशी फोन लावले, ओळखी काढल्या, संदीपला घेऊन गेला. काकाही गेले, जाकीट आणि टोपी घालून, आणि डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत बसले. मग ते दर वेळी जायला लागले. गोळ्या सुरू झाल्या, सुट्टी मिळाली, मधे एकदा पुन्हा फार वाईट दिवस आले आणि संदीपला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. काका तिथेही बसले. बाकी काही करत नव्हते. समजूत नाही, उपदेश नाही, हनुमान चालीसा नाही. संदीप त्यांच्यावर चिडायचा. त्याला ओरडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, कुंपणापलीकडून. जा ना अण्णा तुम्ही, तुमचं तिकीट होतं ना, जा ना.

गावी त्यांनी कारण सांगितलं नाही. पोराच्या दुखण्याची चर्चा चावडीवर नको, म्हणाले. मग गावाने आपल्या मनाने कारण लावलं. मेंबरला अमेरिकेचं पाणी लागलं. एसी सोडवत नसेल. फोन कमी झाले. एका दोस्ताचा मुलगा फोनवर त्यांना म्हणाला, माझ्या बापाच्या सावडण्याला तुम्ही नव्हता मेंबर, तुमची जागा रिकामी ठेवली होती. त्या संध्याकाळी ते आमच्या ओट्याजवळ उभे राहून मला म्हणाले की हिशेब सरळ आहे, ताई, मीच जात न्हाई तर माझ्याकडं कोण येणार. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी हात वर केला. राहू द्या, म्हणाले, मेथी खुडून नेऊ का थोडी? मेथी तोवर आमच्या अंगणात हलवली होती.

हिवाळा असाच गेला. संदीप हळूहळू माणसात आला. म्हणजे एकदम हसायला वगैरे लागला नाही. पण सकाळी उठून दाढी करायला लागला, निखिलकडून सायकल परत मागून नेली. मी काकांना शेवटचं पाहिलं ते फेब्रुवारीत, किचनच्या खिडकीतून. दोघं घरासमोर उभे होते. संदीप खाली वाकून त्यांच्या बुटाची नाडी बांधत होता आणि काका त्याच्या डोक्यावर हात टेकवून, तोल सांभाळत, रस्त्यावरच्या कुणाला तरी गुड मॉर्निंग साब म्हणत होते. मी भांडी लावत होते, हात केला नाही. दोन दिवसांनी झोपेतच गेले.

इकडे सगळं वेळेवर असतं. अंत्यविधीच्या हॉलमध्ये आम्हाला पाऊण तासाची वेळ मिळाली होती. आमच्यानंतर दुसरं कुटुंब होतं, त्यांची फुलं बाहेर येऊन थांबलेली. आम्ही तिघं, संदीप, त्याच्या ऑफिसचे दोघं, समोरच्या आजोबांची ती मुलगी, जी विमानाने आली होती. खुर्च्या रिकाम्या होत्या, पुष्कळ. संदीपने दाहिनीचं बटण दाबलं. मला रडू आलं नाही. आजही आलेलं नाही. सासूबाईंसाठी आलं, ह्यांच्यासाठी येत नाही, कुठेतरी सगळं बधिर झालंय. लिहायला बसले की येईल असं वाटलं होतं, तर तेही नाही.

तिसऱ्या दिवशी गावाने शोकसभा ठेवली. राख इथे, सभा तिथे. संदीपला व्हिडिओवर घेतलं. त्यांची सकाळ, आपली रात्रीच्या जेवणाची वेळ. आम्ही त्याच्या डायनिंग टेबलाशी बसलो, लॅपटॉप मधे. मला वाटलं होतं पाच-पन्नास माणसं असतील. कुणीतरी फोन वर धरून फिरवला, आणि माणसं संपेनात. नदीच्या वाळूत, काठावर, पलीकडच्या बांधावर, सगळीकडे पांढऱ्या टोप्या आणि डोक्यावरचे पदर. तालुका आला होता. ज्यांनी अमेरिकेच्या पाण्यावरून चेष्टा केली तेही असतील त्यात. एकामागून एक पुढारी उठले, रस्ता, शाळेच्या खोल्या, बंधारा. जो बोलायला नको असं काका म्हणायचे तोही बोलला, आणि भरपूर बोलला. शेवटी सूत्रसंचालकाने पुकारलं की आता परदेशातून चिरंजीव दोन शब्द बोलतील, आणि फोन माइकला लावला.

संदीपने काही लिहून आणलं नव्हतं. त्याने लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

"अण्णांना तिकडे यायचं होतं," तो म्हणाला. "तिकीट काढलं होतं. मला जगायचं नव्हतं, म्हणून ते इथे थांबले. मी आता बरा आहे."

त्या गावात हे असं माइकवरून कुणी कधी बोललं नसेल. सूत्रसंचालक पुढे आला, माइकला हात लावला आणि मागे सरकला. कुणी आभार मानले नाहीत. कुणी घोषणा दिली नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. सभा संपली होती, लोकांनी उठायला हवं होतं, पण कुणी उठेना. सगळे तसेच वाळूत बसून राहिले, माइकला लावलेल्या फोनकडे बघत. मी संदीपला खुणेने विचारलं, बंद करू का. त्याने मान हलवून नाही म्हटलं, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि तोही त्यांच्यासमोर बसून राहिला.